निष्ठा चिन्हाशी की तत्त्वाशी?

(पनवेल येथे मतदार प्रबोधनानिमित्त झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



निवडणूक जवळ आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. पक्ष आपला आहे, पण उमेदवार मनाला पटत नाही. मत कोणाला द्यावे? गंमत अशी की हा प्रश्न बैठकीत कोणी विचारत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात विचारला जातो. आज तो व्यासपीठावरून मांडण्याचे मी ठरवले आहे.

प्रश्न नवा नाही आणि आपल्या भागाला तर मुळीच नवा नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघाने काँग्रेसचे उमेदवार म्हणून चिंतामणराव देशमुखांना लोकसभेत पाठवले. महाड तालुक्यातील नाते हे त्यांचे जन्मगाव. देशाचे अर्थमंत्रिपद त्यांच्याकडे होते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी १९५६ मध्ये त्या पदाचा राजीनामा दिला. मग १९५७ ची निवडणूक आली. ज्या घरांनी पाच वर्षांपूर्वी बैलजोडीच्या पेटीत मत टाकले होते, त्यांच्यापैकी अनेकांनी या वेळी ते संयुक्त महाराष्ट्र समितीला दिले. पनवेलमधून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील विधानसभेत गेले.

आता त्याच निवडणुकीकडे स्वयंसेवकाच्या नजरेने पाहा. भारतीय जनसंघ समितीत सामील होता. वास्तविक हा पक्ष एकात्म राज्यपद्धतीचा पुरस्कर्ता. भाषावार प्रांतरचनेविषयी त्याच्या मनात शंका होत्या. शेकाप दाभाडीच्या १९५० च्या प्रबंधापासून उघड मार्क्सवादी. समितीत कम्युनिस्टही होते आणि जेमतेम चार महिन्यांपूर्वी बुडापेस्टच्या रस्त्यांवर सोव्हिएत रणगाडे फिरलेले साऱ्या जगाने पाहिले होते. अशा आघाडीला मत देताना जनसंघाच्या सामान्य कार्यकर्त्याच्या मनात काय कालवाकालव झाली असेल! तरी त्याने मत दिले. कारण त्या वेळचा प्रश्न चिन्हाचा नव्हता, महाराष्ट्राचा होता. त्याला कोणी निष्ठाहीन म्हटले नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती तितकीच महत्त्वाची आहे. तत्त्वाचे नाव घेऊन पक्ष सोडणारा प्रत्येक जण चिंतामणराव नसतो. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. इंदिराजींच्या गोटातून ‘अंतरात्म्याच्या आवाजा’नुसार मत देण्याचे आवाहन झाले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले आणि काही महिन्यांतच पक्ष दुभंगला. त्या अंतरात्म्यात विवेक किती आणि गटबाजी किती, याचा हिशेब इतिहासाने मांडलेलाच आहे. वर्तमानपत्रात आयुष्य घालवल्यामुळे मी एवढे निश्चित सांगू शकतो की तिकीट नाकारल्याच्या दुसऱ्या दिवशी जागा होणारा अंतरात्मा फारसा विश्वासार्ह नसतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६१ च्या अखेरीस, सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर, या विषयावर स्पष्ट लिहिले आहे. केवळ चांगल्या पक्षाचा म्हणून वाईट उमेदवार मताला पात्र ठरत नाही. उमेदवार निवडताना पक्षश्रेष्ठींची चूक झाली असेल, तर ती दुरुस्त करणे हे मतदाराचे कर्तव्य आहे, असा त्यांचा आशय होता. लक्षात घ्या, हे एका पक्षाच्या महामंत्र्याने लिहिले होते. १९६३ मध्ये जौनपूरच्या पोटनिवडणुकीत जातीच्या आधारे मते मागण्यास त्यांनी नकार दिला आणि पराभव पत्करला.

तरीही मी म्हणेन की लोकसभेला आणि विधानसभेला पक्षाचे पारडे जड असावे. माझे कारण व्यावहारिक आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहात सदस्याला व्हिप मोडता येत नाही. मोडला तर सदस्यत्व धोक्यात येते. २००३ च्या दुरुस्तीने एकतृतीयांश सदस्यांनी फुटण्याची पळवाटही बुजवली. त्यामुळे न पटणाऱ्या पक्षातील ‘चांगला माणूस’ आपण निवडून दिला, तरी महत्त्वाच्या ठरावावर तो हात वर करणार पक्षाच्या आज्ञेनेच. त्याच्या चांगुलपणाचा उपयोग तिथे मर्यादित आहे.

पण माणूसच पक्ष बदलतो तेव्हा? पनवेलकरांना हे समजावून सांगायला नको. रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार होते, पुढे काँग्रेसमध्ये गेले. प्रशांत ठाकूर २००९ मध्ये काँग्रेसचे आमदार झाले आणि २०१४ मध्ये भाजपचे. केवळ चिन्ह पाहणाऱ्या मतदाराने पाच वर्षांच्या अंतराने त्याच व्यक्तीला एकदा नाकारले आणि एकदा स्वीकारले असणार. काँग्रेसनिष्ठाने याच्या उलट केले असणार. यात मी कोणाला दोष देत नाही. मात्र चिन्ह आपल्या वतीने विचार करत नाही, हे यातून दिसते.

महापालिकेचे गणित आणखी वेगळे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ जागा होत्या आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. म्हणजे मतदाराच्या हाती एक नव्हे, चार मते. तरी आपण काय करतो? पहिले चिन्ह शोधतो आणि तेच खालपर्यंत दाबत जातो. चारांपैकी तिसऱ्याचे नावही ठाऊक नसते. सांडपाण्याचा नाला आणि पाण्याची वेळ यांना विचारसरणी नसते हो! तिथे चारही माणसे एकेक करून पारखायला कोणती निष्ठा आड येते?

कार्यकर्त्याची अडचण याहून अवघड आहे, कारण त्याला मत तर द्यायचे असतेच, शिवाय बूथही सांभाळायचा असतो. माझे मत असे: उमेदवारीची चर्चा चालू असताना आक्षेप लेखी द्यावा, नाव घालून. निनावी पत्रे आणि कुजबुज यांना मी आक्षेप मानत नाही. निर्णय विरुद्ध गेला आणि उमेदवाराचे चारित्र्यच मान्य नसेल, तर प्रमुखाला भेटून वेळेत सांगावे की या खेपेस बूथ दुसऱ्याकडे द्या. स्लिपा वाटण्याचे नाटक करून आतून दुसऱ्याचे काम करणे, याला मात्र विश्वासघात हाच शब्द आहे.

शेवटी ‘नोटा’विषयी, कारण मघाशी चिठ्ठी आली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने हा पर्याय मिळाला. विधानसभेला व लोकसभेला नोटाची मते कितीही पडली, तरी उमेदवारांपैकी पहिला तोच विजयी. स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला की नोटाला सर्वाधिक मते पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी. चिठ्ठी लिहिणाऱ्या गृहस्थांनी हा फरक ध्यानात ठेवावा आणि चार जागांपैकी नेमकी कोणती नापसंत आहे, हे घरूनच ठरवून यावे.