पित्ताशयातील खडे : आजार एक, रूपे चार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पोटात दुखले की "पित्त झाले असेल" म्हणून आपण ओवा चावतो आणि पुन्हा कामाला लागतो. तारापूरच्या कारखान्यांच्या पाळ्या सांभाळून डबे करायचे, मग स्वतःच्या दुखण्याकडे पाहायचे कधी? पण उजव्या बरगडीखालचे दुखणे दरवेळी आंबट पित्ताचे नसते.

यकृताखाली पित्ताशय नावाची लहानशी पिशवी असते. यकृतात तयार झालेले पित्त तिच्यात साठते आणि तेलतूप पचविण्यास मदत करते. त्याचेच कधी खडे बनतात. पुरुषांपेक्षा आपणा बायकांना ते अधिक होतात. बाळंतपणे, वाढते वय व वजन ही कारणे आहेतच; कडक उपास करून झपाट्याने वजन उतरविले तरीही ते होतात.

पहिले रूप मुके. सोनोग्राफीत खडे दिसतात, त्रास नसतो. अशा वेळी बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही.

दुसरे कळीचे. लग्नाघरचे तळलेले जेवून आले की पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते आणि काही तासांत थांबते. थांबली म्हणजे आजार गेला असे समजू नका. डॉक्टरांना दाखवा.

तिसरे सुजेचे. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकून राहतो. कळ थांबत नाही, ताप व उलट्या होतात. मग इस्पितळच गाठावे.

चौथे सर्वांत फसवे. खडा निसटून पित्तनलिकेत अडकतो. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट होते. आपण म्हणतो, "कावीळ झाली," आणि झाडपाल्याच्या औषधात आठवडा घालवितो. पण औषधाने अडकलेला खडा निघत नाही. त्यात थंडी वाजून ताप आला, तर जिवावर बेतते. स्वादुपिंडाला सूज आली, तरी तसेच. तेव्हा १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

कुळथाचे कढण मूतखड्यावर म्हणून पितात. पित्ताशयाचा मूत्राशी संबंध नाही. तेथे त्याचा भरवसा धरू नये.

शस्त्रक्रियेला भिऊ नका. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. आता ती बारीक छिद्रांतून होते आणि बहुतेक बायका एक-दोन दिवसांत घरी येतात. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात, म्हणून पिशवीच काढतात. यकृत पित्त करीतच राहते, त्यामुळे अन्न पचते.

भगिनींनो, घरच्यांच्या दुखण्याला आपण रात्र जागतो. स्वतःची कळ मात्र पदराआड लपवितो. ती लपवू नका, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.