जिन्यातली बटाट्याची चाळ
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



‘माझा आवडता लेखक’ यावर मला बोलायला सांगितलंय. माझा लेखक ठरलेला आहे, पु. ल. देशपांडे. आज मात्र फक्त ‘बटाट्याची चाळ’बद्दल बोलतो. हे पुस्तक १९५८ सालचं. पुढे पुलंनी ही सगळी चाळ रंगमंचावर एकट्याने उभी केली.

आपल्या सोसायटीतला सुरुवातीचा एक पावसाळा आठवतो. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! माझ्या छतातून पाणी ठिबकत होतं आणि वरच्या मजल्यावरच्या काकांशी माझं बोलणं बंद होतं. माझं पत्र कमिटीला, कमिटीचं काकांना, असा कारभार. जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेली ती येईचना. कंटाळलेली मुलं जिन्यात जमली, मागोमाग मोठी माणसं आली. कोणीतरी म्हणालं, “काहीतरी वाचा हो!” मी बॅटरीच्या उजेडात ‘उपास’ वाचायला घेतला.

वजन उतरवायचा निश्चय एकट्याचा, पण सल्ले सगळ्या चाळीचे. प्रत्येकाचा आहार वेगळा आणि प्रत्येकजण ठाम! पुलं इथे पहिली फजिती स्वतःचीच करतात, म्हणून ऐकणाऱ्याला टोचत नाही. वाचता वाचता वरच्या पायऱ्यांवरून कोणीतरी खो खो हसलं. बॅटरी फिरवली, तर काका! मलाही हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत बघायला स्वतः खाली आले. चहा घेतला, पुस्तकही वाचायला नेलं. गळती थांबली पुढच्या उन्हाळ्यात, त्यांच्या बाथरूमची फरशी उकरल्यावर. बोलणं मात्र त्या रात्रीच सुरू झालं.

पुस्तकाच्या शेवटी ‘एक चिंतन’ आहे. तिथे विनोद मागे सरतो आणि जुन्या शेजाराची ओढ उरते. तरुणपणी मी ती पानं भरभर उलटायचो. आता काका नाहीत, इन्व्हर्टरमुळे वीज गेलेली कळत नाही, जिन्यात कोणी बसत नाही. आता ती पानं सावकाश वाचतो.

म्हणून एक विनंती. येत्या पावसाळ्यात वीज जायची वाट न बघता एक संध्याकाळ जिन्यात बसू या. पुस्तक मी आणतो. सल्ले तुम्ही आणालच!