गाभ गेला तर नुकसान कोणाचे?

(लालबाग, मुंबई येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आपल्या कापसाचे सूत जिथे निघत होते त्या गिरणगावात आपण बसलो आहोत. जवळच परळला १८८६ सालापासून गुरांच्या डॉक्टरांचे कॉलेज आहे. तेव्हा आज कापूस बाजूला ठेवून दावणीचे बोलू.

एका जनावरापासून हुबेहूब दुसरे करता येते, हे खरे आहे. त्याला क्लोन म्हणतात. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी झाली. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत २००९ साली म्हशीची पारडी झाली, २०२३ साली गीर कालवड 'गंगा' झाली. पण पेरले किती आणि उगवले किती, हे शेतकरी आधी विचारतो. डॉलीसाठी २७७ अंडबीजे वापरली, त्यातून २९ गर्भ १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले, हाती कोकरू एकच आले. कर्नालची पहिली पारडी काही दिवसांतच गेली. दुसरी, 'गरिमा', दोन वर्षे जगली.

असे का? उसाच्या डोळ्यापासून ऊस होतो, मग कातडीच्या पेशीपासून गाय का नाही? उसाचा डोळा मुळातच नवे रोप करण्यासाठी असतो. कातडीच्या पेशीत सगळे जनुक असतात, पण कातडीच्या कामाचे तेवढे चालू, बाकीच्यांना कुलूप. ती पेशी रिकाम्या केलेल्या अंड्यात घातली की सगळी कुलपे नव्याने लावावी लागतात. काही उघडायची ती बंद राहतात, काही बंद हवीत ती उघडी राहतात. मग वार नीट धरत नाही. ज्या गाठींनी ती गर्भाशयाला चिकटते त्या कमी पडतात, पोटात पाणी भरते, जनावर गाभडते. पुष्कळ गाभ पहिल्या दोन-तीन महिन्यांत जातात. काही शेवटी जातात, तेव्हा आईच्याही जिवावर बेतते. कधी वासरू भलतेच मोठे होऊन अडते.

खोट कुलपात आहे, जनुकात नाही. क्लोनच्या पोटी पुढची पिढी येते तेव्हा कुलपे पुन्हा नीट बसतात. कर्नालच्या 'गरिमा-२' या क्लोन म्हशीला २०१३ साली 'महिमा' ही धडधाकट पारडी झाली. तेव्हा क्लोनच्या संततीला भिण्याचे कारण नाही.

नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. प्रश्न हिशेबाचा आहे. उद्या कोणी असा गर्भ ठेवायला तुमची म्हैस मागेल. ती गाभडली तर वर्षाचे दूध गेले, कडबा गेला, आणि कोरडवाहू माणसाला कडबा म्हणजे काय ते सांगायला नको. यश आले तर फोटो त्यांचा, नाही आले तर भाकड म्हैस आपली, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. गाभ गेला तर किती, जनावर मेले तर किती, हे आधी कागदावर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर म्हैस दावणीलाच राहू द्या.