पाण्यापर्यंतची वाट
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या पन्नासाव्या वर्षी आपण मला इथे बोलावलेत, याबद्दल मी ऋणी आहे. मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता. नगरपालिकांच्या सेवेत उमेदीची वर्षे गेली. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली तेव्हा मी ‘सार्वजनिक तरणतलाव आणि अपंग बांधव’ हा विषय कळवला. आपले कार्यवाह क्षणभर थबकले. अपंगांसाठी कार्य म्हटले की कुबड्या, तीनचाकी सायकली, शिष्यवृत्ती हे डोळ्यांपुढे येते. त्यात पोहणे कुठून आले, असे त्यांना वाटले असावे. त्याचे उत्तर माझ्या घरातच आहे.

माझ्या धाकट्या भावाचे दोन्ही पाय पोलिओने गेले. आम्ही बदलापूरच्या बाजूला, उल्हास नदीच्या जवळ राहत होतो. उन्हाळ्यात आळीतली मुले त्याला पाठुंगळी घेऊन काठावरून खाली उतरवत आणि पाण्यात सोडत. जमिनीवर लोखंडी कॅलिपर घालून चार पावले टाकताना घामाघूम होणारा हा मुलगा पाण्यात नुसत्या हातांच्या बळावर आमच्या पुढे जात असे. आईला भीती वाटे. वडील मात्र म्हणत, “त्याला दिवसातला तेवढाच एक तास कुणाचा हात धरावा लागत नाही, तेवढा मिळू दे.”

यात चमत्कार काही नाही. कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की पायांवर येणारा भार जवळजवळ निम्मा होतो. छातीपर्यंतच्या पाण्यात तो साधारण एक तृतीयांशावर येतो. ज्या सांध्यांना जमिनीवर देह पेलवत नाही, त्यांना पाण्यात हालचाल करता येते. पक्षाघातानंतरचे रुग्ण, सेरेब्रल पाल्सीची मुले, मणक्याला इजा झालेले तरुण यांच्या उपचारांत पाण्यातील व्यायामाला म्हणूनच स्थान आहे. गुडघ्यांनी बेजार झालेल्या आपल्या घरच्या ज्येष्ठांनाही हाच हिशेब लागू आहे.

आपल्या महाराष्ट्राने तर हे साऱ्या जगाला दाखवले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत, म्हणजे पॅरालिंपिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. भारताच्या कोणाही खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले. त्यांच्यानंतर दृष्टी नसलेल्या अमरावतीच्या कांचनमाला पांडे आल्या; २०१७ साली मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेले सोलापूर जिल्ह्यातील सुयश जाधव अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. पदकांची यादी वाढवण्यात मला रस नाही. ही माणसे पाण्यापर्यंत पोहोचू शकली, हा माझा मुद्दा आहे.

आता माझ्या चुकीविषयी. नव्वदच्या दशकात एका नगरपालिकेच्या तरणतलावाच्या आराखड्यावर माझी सही झाली. गाळणयंत्राची खोली आणि पुराची पातळी लक्षात घेऊन तलावाचा कठडा रस्त्यापासून चार फूट उंच धरला होता, म्हणजे सहा-सहा इंचांच्या आठ पायऱ्या. उद्घाटनाला मी भावाला मोठ्या हौसेने घेऊन गेलो. तो पायऱ्यांपाशी थांबला. उचलून नेण्याइतका तो आता लहान नव्हता आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला भर समारंभात उचलून घ्यावे, असे त्यालाही वाटत नव्हते. भाषणे संपेपर्यंत तो खालीच बसून राहिला. परतताना एवढेच म्हणाला, “दादा, नदीला पायऱ्या नव्हत्या रे.”

त्या रात्री मी आराखडा पुन्हा उघडला. एका फूट उंचीला बारा फूट लांबी या प्रमाणाने चार फुटांसाठी अठ्ठेचाळीस फुटांचा उतार लागला असता, मध्ये विसाव्याला पाच फुटांची सपाट जागा धरून त्रेपन्न. कुंपणाच्या आत साठ फुटांची मोकळी पट्टी होती. तिथे आम्ही शोभेची झाडे लावली होती. जागा होती, पैसा होता. फक्त मला सुचले नव्हते. घरात असा भाऊ असून सुचले नव्हते, हे मी आजही स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

आपल्याकडे पाण्याजवळ जायचे म्हणजे पायऱ्या उतरायच्या, ही कल्पना फार जुनी आहे. बारव पाहा, घाट पाहा. अंबरनाथच्या शिवमंदिरातही, ज्यातील शिलालेख शके ९८२चा म्हणजे इ.स. १०६०चा आहे, गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. पुरातन वास्तूचे एक समजू शकते. परंतु काल बांधलेला तलावही आपण त्याच संस्काराने बांधतो.

बारकाईने पाहिले तर अडचण पाण्यात नसतेच, ती फाटकापासून पाण्यापर्यंतच्या वाटेत असते. दार पुरेसे रुंद नसेल तर चाकाची खुर्ची आत जात नाही. कपडे बदलण्याच्या खोलीत साधारण दीड फूट उंचीचा रुंद बाक नसेल तर पाय न हलणारा माणूस कपडे बदलू शकत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या अपंग मुलाला घेऊन आई आली, तर तिने कोणत्या खोलीत जायचे, पुरुषांच्या की स्त्रियांच्या? एक स्वतंत्र कौटुंबिक खोली असली की हा प्रश्न मिटतो. नसली की ती माय पुन्हा येत नाही. हे मी कल्पनेने सांगत नाही, अशा मातांशी बोललो आहे.

पाण्यात उतरण्याचे मार्गही अनेक आहेत. तलावाच्या उथळ भागात दोन्ही बाजूंना कठडे असलेला उतार करता येतो. त्यावरून न गंजणारी खास चाकाची खुर्ची थेट पाण्यात जाते. खुर्चीच्या उंचीची भिंत काठाशी बांधली तर माणूस खुर्चीतून तिच्यावर सरकून आपल्या बळाने उतरतो. किंवा यांत्रिक आसन बसवावे, जे माणसाला अलगद खाली सोडते आणि वर घेते. अमेरिकेत २०१०च्या नियमावलीने सार्वजनिक तलावांना असा उतार किंवा असे आसन आवश्यक ठरवले. अंध पोहणाऱ्याचा प्रश्न तर याहून सोपा आहे. मार्गिकेची दोरी त्याला दिशा देते आणि भिंत जवळ आली की काठावरचा सहायक मऊ टोकाच्या काठीने त्याला हलकेच स्पर्श करतो. याला लागते एक काठी आणि एक शिकलेला माणूस.

शिकलेला माणूस, यावर मी मुद्दाम भर देतो. उत्तम उतार बांधूनही दारावरचा कर्मचारी “यांच्या जिवाची जबाबदारी कोण घेणार?” म्हणून परत पाठवत असेल, तर सारे बांधकाम व्यर्थ. जीवरक्षकाला चार दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. सोबत येणाऱ्या मदतनिसाकडून वेगळे प्रवेशशुल्क घेऊ नये.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्या बाजूला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये, असे तो सांगतो. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२च्या जूनमध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेची मानके केवळ शिफारस म्हणून राहू शकत नाहीत, असा निर्वाळा दिला. आमच्या वेळी ‘अपंग’ म्हणत, आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलला, पायऱ्या बऱ्याच ठिकाणी तेवढ्याच आहेत.

आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका असेल, ती मी परका असूनही बोलून दाखवतो. पाणी गाळून वापरणारा, जलकायिक जीवांचा विचार करणारा आपला समाज. अनेकांनी तलावात पोहण्याचा नियमपूर्वक त्याग केलेला असतो. त्या व्रताबद्दल मला नितांत आदर आहे. कोणी पाण्यात उतरावे असा माझा आग्रह नाही. परंतु त्याग करायला आधी ती गोष्ट आवाक्यात असावी लागते. माझ्या भावाने पोहणे सोडले नव्हते, ते त्याच्यापासून काढून घेतले गेले होते. आणि जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने १९७५ पासून ज्यांना कृत्रिम पाय दिले, तो ‘जयपूर फूट’ चिखलात आणि पाण्यात चालता यावे अशाच बेताने घडवला गेला आहे.

म्हणून माझी विनंती लहान आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही ठिकाणी सार्वजनिक अथवा संस्थांचे जे तलाव असतील, तिथे चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका व्यक्तीला सोबत घेऊन जावे आणि फाटकापासून पाण्यापर्यंतचे प्रत्येक माप लिहून आणावे: दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, उताराला उपलब्ध जागा. त्यावरून अंदाजपत्रक करून देण्याचे काम माझे, विनामूल्य. ते नगरपालिकेकडे नेताना आपल्या संस्थेचे पत्र सोबत असले तर त्याला वजन येईल.

पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता मी मोजपट्टी घेऊन निघणार आहे. भाऊ आता सत्तरीला टेकला आहे, तोही खुर्चीतून येईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर कार्यवाहांकडे नाव द्यावे.