अंतराळातली रस्सीखेच कोण जिंकेल?

आजचा प्रश्न सोपा वाटेल. वजनरहित अवस्थेत दोघांनी एक दोरी ओढली, तर जिंकेल कोण?

आधी जमिनीवरचं बघू. रस्सीखेच हातांचा खेळ वाटतो, पण जिंकून देतात पाय. हलक्या दोरीतला ताण दोन्ही टोकांना सारखाच असतो, म्हणजे दोरी दोन्ही संघांना सारख्याच जोराने ओढते. फरक पडतो तो पाय जमिनीला किती रेटतात याने.

आता जमीनच काढून घ्या. सूट धरून एक अंतराळवीर 200 किलोचा, दुसरा 100 किलोचा, मध्ये 15 मीटर दोरी. हलक्याने 50 न्यूटनने ओढलं. पृथ्वीवर पाच किलोची पिशवी धरायला लागतो साधारण तेवढाच जोर. दोघंही एकमेकांकडे निघतात. हलक्याचं त्वरण दुप्पट, त्यामुळे भेट होते जड माणसापासून 5 मीटरवर. ओढणारा जड असता तरी भेट तिथेच! आणि दोघांनी 50-50 न्यूटनने ओढलं तर ताण 100 होतो का? नाही, 50च राहतो.

खरी गंमत पुढे आहे. समजा, दोनच सेकंद ओढलं आणि हात सैल केला. दोरी सैल, ताण शून्य. पण मिळालेला वेग तसाच राहतो. दोघं सेकंदाला दीड मीटरने जवळ येतायत, साधारण नऊ सेकंदांत टक्कर. वजन नाही, पण वस्तुमान पूर्ण आहे, त्यामुळे टक्कर लागणारच. आम्ही कोड लिहिताना अन्डू करतो. इथे ती सोय नाही. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही.

हे प्रत्यक्षात दिसलं सप्टेंबर 1966 मध्ये, नासाच्या जेमिनी 11 मोहिमेत. रिचर्ड गॉर्डन यांनी यानाबाहेर जाऊन अजिना यानाची 30 मीटरची डॅक्रॉनची दोरी जेमिनीला बांधली. पाय रोवायला जागा नाही, त्यामुळे हाताने जोर लावताना शरीर जागेवर धरून ठेवण्यातच ते दमले. स्पेसवॉक लवकर आटोपावा लागला.

दुसऱ्या दिवशी पीट कॉनरॅड यांनी दोन्ही यानं वेगळी केली, तर दोरी ताठ राहीना! दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी ती झुलायला लागली. शेवटी त्यांनी दोन्ही यानं एकमेकांभोवती हळूहळू फिरवली. फिरताना प्रत्येक यान सरळ जायला बघतं आणि दोरी त्याला सतत आत ओढत राहते. त्यामुळे ताण टिकला आणि यानात अगदी किंचित कृत्रिम गुरुत्वही तयार झालं.

तेव्हा आपल्या रस्सीखेचीत विजेता कुणीच नाही. तिथे दोरीला हात घालण्याआधी एवढंच ठरवायचं, की नंतर थांबायचं कसं.