ज्यांना वाचता येतं, त्यांनी थांबा



 माझी चौतीस वर्षांची नोकरी याच अमरावती जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत झाली, त्यामुळे या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान इथे मिळाल्याचा आनंद वेगळा आहे. बालसाहित्याचा आढावा घ्यावा, अशी आयोजकांची सूचना होती. टिपणं काढली आहेत, ती छापील भाषणात वाचायला मिळतील. आज मला एकच गोष्ट बोलायची आहे. फार वर्षं ती मनात धरून आहे.

१९८९ साल. कापूस वेचणीचे दिवस. शाळेत पालकसभा होती, विषय होता घरी मुलांचं वाचन कसं घ्यावं. बाया मजुरी बुडवून आल्या होत्या. बोलायला उठलेल्या गुरुजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "ज्यांना वाचता येतं, त्यांनी थांबा. बाकीच्यांनी गेलं तरी चालेल." चाळीसेक बायांपैकी सहा-सात जणी बसून राहिल्या. बाकीच्या पदर सावरत, चपला शोधत निघून गेल्या. मी नोकरीत नवी होते. काही बोलले नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई दाराशी क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि गेली.

तिचा मुलगा वर्गात सगळ्यांत धडाधड वाचायचा. त्याच्यासाठी मी एका कार्डावर तीन वाक्यं लिहिली होती : कपाशी फुटली होती. रात्री पाऊस आला. सकाळी शेतकरी कपाळाला हात लावून बसला. पोरानं एका दमात वाचलं. शेतकरी का बसला, विचारलं तर म्हणाला, "दमला म्हणून."

पंधरवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मुलाला तेच कार्ड वाचायला सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, "कपाशी म्हंजे पऱ्हाटीच नं रे? फुटली होती म्हंतं? अन् पानी कवा आला, आंधी का मंगून?" पोरगा थबकला. कार्डावर बोट ठेवून मागे गेला, पुन्हा वाचलं, आता सावकाश. "मंगून." मग कार्ड खाली ठेवून ओरडलाच, "मंग तं सारा कापूस भिजला, माय!"

मित्रमैत्रिणींनो, आकलन म्हणतात ते हेच. कापूस भिजल्याचं कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोन वाक्यांमधली ती जागा मुलानं स्वतः भरली, आणि भरायला लागणारं सगळं त्याच्यापाशी होतंच, फक्त ते पऱ्हाटी या शब्दात होतं. बोली आधी की प्रमाणभाषा, या वादावर आपण किती परिसंवाद घेतले! माझ्यापुरता तो वाद त्या चुलीपाशी मिटला. अक्षर आधी की शब्द आधी, याचंही तेच. मी दोन्ही रीतींनी शिकवलं आणि दोन्ही वर्गांत धडाधड वाचणारी, काही न समजणारी मुलं निघाली.

पुढच्या सभेला त्या माउलीला बोलवायला मी गेले. "मले कुठं वाचता येते, बाई?" म्हणाली. आली नाही. तिला वाचता येत नव्हतं, म्हणूनच तर तिला विचारावं लागलं! पान तिला दिसत नव्हतं, मग मुलाला ते तिच्यापुढे मांडावं लागलं. आम्ही शिकलेले लोक मुलाच्या खांद्यावरून पुस्तकात बघतो आणि ऱ्हस्व-दीर्घ पकडत बसतो.

गेल्या वर्षी एका शिकलेल्या घरी गेले होते. वडील मोबाइलवर वेळ लावून दुसरीतल्या लेकीचं वाचन घेत होते. "मिनिटाला बहात्तर शब्द, मॅडम." मी तिला विचारलं, या गोष्टीतल्या सशाचं पुढे काय होईल गं? ती म्हणाली, "आणखी फास्ट वाचू?" त्या लेकराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

वेग लागतो, मी नाकारत नाही. अक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाच्या मनात वाक्याची सुरुवात शेवटापर्यंत टिकत नाही. २०२१ मध्ये निपुण भारत हे सरकारी अभियान आलं, त्यात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून वाचावेत, असं म्हटलं आहे. आपण ६० तेवढे उचलले. अर्थ समजून हे दोन शब्द कुठे सांडले?

याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनाही त्या माउलीसारखं लिहिता-वाचता येत नव्हतं. कीर्तनात ते प्रश्नामागून प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या माणसाकडूनच काढून घेत. ती रीत इथल्या मातीत आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आपण मात्र अंगणातून शाळेपर्यंत आलेल्या आईला घरी पाठवलं. आजही पाठवतो. गृहपाठाच्या वहीत "वाचन घेतले" असं लिहून खाली पालकांची सही मागतो, तेव्हा दुसरं काय करतो? जिला सही येत नाही, तिनं काय करावं?

काम पुष्कळ आहे. न शिकलेल्या आईबापांसाठी सभा व्हाव्यात, पत्रकं नकोत, समोर बसून बोलायचं : पोर वाचत असताना चूक काढू नका, ऐका, मध्येच थांबवून पुढे काय होईल ते विचारा, रात्री घरी आलेल्या बापाला गोष्ट पोरालाच सांगू द्या. पोराला वाचता यायला लागलं, तरी त्याला गोष्टी ऐकवणं सोडू नका. हे वऱ्हाडीत व्हावं, मेळघाटात कोरकूत व्हावं. लेखकांनी तीन-चार वाक्यांच्या, आत जागा राखलेल्या गोष्टी लिहून द्याव्यात. कोणी किती आणि कधी, ते जेवणानंतर बसून ठरवू. पहिली सभा माझ्या जुन्या शाळेत घ्यावी, एवढा माझा हट्ट आहे. तिथल्या बायांना बोलवायला मी स्वतः घरोघर जाईन.