अपिलाची परवानगी आणि औषधाचे नाव



वळसंगसारख्या गावी औषधांच्या व्यापारचिन्हाचा कज्जा सांगावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. व्यापारी भांडतात, वकील पोसतात, त्यात शेतकऱ्याचे काय गेले, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. पण आपल्या बाजारात क्षणभर उभे राहा. कानावर मराठी पडते तशी कानडीही पडते, आणि सोलापूर गाठले की तेलुगू नि उर्दूही. या साऱ्या तोंडांत औषधाचे नाव मात्र परके असते. माणूस ते वाचून नव्हे, ऐकून लक्षात ठेवतो, आणि ऐकलेले नाव घरी पोहोचेपर्यंत अर्धे विसरतो. म्हणून दोन औषधांची नावे सारखी असली तर तोटा व्यापाऱ्याचा होतो, पण जीव रोग्याचा जातो.

गुजरातेतील एक दावा पाहू. कॅडिला हेल्थ केअर आणि कॅडिला फार्मास्युटिकल्स या एकाच जुन्या घराच्या दोन वाटण्या. पहिलीने ‘फाल्सिगो’ काढले, दुसरीने पुढे ‘फाल्सिटॅब’. दोन्ही नावे फाल्सिपेरम हिवतापावरून घेतलेली. हा ताप मेंदूत शिरला तर रोगी हातचा जातो. नावे जवळची, पण आतले द्रव्य निराळे: एकात आर्टेसुनेट, दुसऱ्यात मेफ्लोक्विन. पहिल्या कंपनीने वडोदऱ्याच्या न्यायालयात तात्पुरता मनाईहुकूम मागितला. तो मिळाला नाही. औषधे दिसण्यात व किमतीत वेगळी आहेत, शिवाय ती रुग्णालयांनाच विकली जातात, फसणार कोण, असे त्या न्यायालयाने म्हटले. गुजरात उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

आता पुढे काय? मनाईहुकुमाच्या निकालावर एक अपील हक्काने मिळते. त्या अपिलातल्या हुकमावर पुन्हा अपील नाही, असे दिवाणी संहितेचे कलम 104 सांगते. उरतो तो घटनेचा अनुच्छेद 136. त्याने सर्वोच्च न्यायालयाला अपिलाची विशेष परवानगी देण्याचा अधिकार दिला आहे. ही परवानगी पक्षकाराचा हक्क नव्हे. ती अपवाद म्हणून, जपून द्यावयाची, असे त्या न्यायालयाने 1950 सालीच प्रीतम सिंग खटल्यात बजावले. ज्या समितीने घटनेचा मसुदा तयार केला तिचे अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. ते ज्या विहिरीसाठी या गावी आले, ती विहीर आपण सारे जाणता. पाण्यासाठी माणसाला कुणाची परवानगी मागावी लागणे हा अन्याय होता. दुसऱ्या अपिलासाठी परवानगी मागावी लागणे हा अन्याय नव्हे. प्रत्येक भांडण दिल्लीला गेले तर गरजूची पाळी कधी यावयाची?

परवानगी मागणारा बहुधा एक चूक करतो. खालच्या न्यायालयाने आपल्यावर कसा अन्याय केला, हेच तो पानोपान लिहितो. तात्पुरत्या हुकमाबाबत हे फारसे चालत नाही. 1990 साली वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या नावावरील दाव्यात न्यायालयाने सांगितले, की खालच्या न्यायाधीशाने आपला विवेक वाजवीपणे वापरला असेल, तर आपल्याला वेगळे वाटते एवढ्यावरून वरच्या न्यायालयाने तो हुकूम बदलू नये. म्हणून अर्जात असे दाखवावे लागते, की या प्रश्नाचे उत्तर चुकले तर आपल्याखेरीज हजारो लोकांचे नुकसान आहे. मुदतही नव्वद दिवसांची. ती टळली तर उशिराचे कारण आधी पटवावे लागते.

कॅडिलाच्या अर्जात असा प्रश्न होता, आणि न्यायालयाने अपील ऐकले. 26 मार्च 2001 च्या निकालात मनाईहुकूम मात्र दिला नाही. मूळ दावाच नव्या तत्त्वांनुसार चालवावा, असे सांगितले. म्हणजे अपील करणाऱ्याची झोळी रिकामीच राहिली म्हणावयाची. पण देशाच्या पदरात जे पडले ते मोठे होते. औषधांची नावे इतर मालाहून कडक कसोटीने पाहावीत. चिठ्ठीवरचे औषध म्हणून चूक होणार नाही असे मानू नये, कारण डॉक्टर आणि दुकानदारही घाईत चुकतात. आणि अनेक भाषांच्या, अक्षरओळख कमी असलेल्या या देशात विलायती मापे जशीच्या तशी लावू नयेत, असे न्यायालयाने म्हटले. 2019 साली औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, तसेच नाव दुसऱ्या औषधाचे नाही, असे हमीपत्र उत्पादकाकडून मागण्यात आले.

उलट परवानगी नाकारली गेली, तर खालचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, असा डांगोरा पिटणारेही भेटतात. ते खरे नव्हे. कारणे न देता अर्ज फेटाळला, तर त्याचा अर्थ दार उघडले नाही एवढाच, हे 2000 साली कुन्हयम्मद खटल्यात स्पष्ट झाले आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांना दिल्लीची ती पायरी चढावी लागेल. औषधाच्या दुकानाची पायरी मात्र आपण सारेच चढतो. तेथे चिठ्ठी पुढे करा, नुसत्या तोंडी नावावर भागवू नका. पाकिटावर व्यापारी नावाजवळ द्रव्याचे नाव छापलेले असते, तेही दुकानदाराकडून वाचून घ्या आणि चिठ्ठीशी ताडून पाहा. समजले नाही तर पुन्हा विचारा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.